साडूंच्या गाडीचं तेल

अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या एकाही माणसाला माझ्या साडूंनी आजवर स्वतःला फसवायची संधी दिलेली नाही. कुणाला वाटेल, स्वभाव संशयी असणार. तसं अजिबात नाही. संशयी माणूस समोरच्यावर डोळे वटारून बसतो आणि त्याच्याबरोबर स्वतःलाही छळतो. आमचे साडू घरूनच सगळं सामान घेऊन निघतात, त्यामुळे समोरच्याला पाप करायला जागाच उरत नाही. न्हाव्याकडे जाताना नवं ब्लेड त्यांच्या खिशात असतं, शिंप्याकडे जाताना दोऱ्याचं रीळ पिशवीत असतं आणि नातेवाइकांकडे मुक्कामाला जायचं असेल तर बॅगेत कपड्यांच्या वर चहापत्तीची पुडी असते. "च्या तुमीच करा, तुमच्या हाताले गोडी हाय, फक्त पत्ती हे टाका," असं ते यजमानीणबाईंना इतक्या मायेनं सांगतात, की अपमान झाला की कौतुक, हे त्या बाईंना आम्ही निघून गेल्यावरच कळत असावं. एकदा गिला वडा खायला गेलो तर साडूंनी पिशवीतून शेंगदाणा तेलाची बाटली काढून गाडीवाल्यापुढे ठेवली. तो बिचारा आधी हिरमुसला, मग कढई धुऊन त्यानं त्या तेलात घाणा काढला, एक वडा स्वतः तोंडात टाकला आणि म्हणाला, "काका, तेल कुठचं हाय हे?" पुढचा अर्धा तास दोघं तेलघाणीवर बोलत राहिले आणि मी एकटाच दह्यात बुडवून वडे खात राहिलो.

साडू मूळचे शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे बागाईतदार. मुलीच्या शिक्षणासाठी अमरावतीला आले ते आमच्याच गल्लीत घर बांधून राहिले. बाग आता त्यांचे धाकटे भाऊ पाहतात, पण तोडणीच्या दिवसांत साडू तिकडेच असतात. संत्र्याची पेटी कशी भरतात हे ज्याला माहीत आहे त्याला हा माणूस वेडा वाटेल. लोक टपोरी फळं वरच्या थरात लावतात, साडू ती तळाशी लावतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "पेटी खाली होत जाते तसतशी घेनाऱ्याले आपली आठवन चांगली याले पायजे ना!" एकदा बाहेरगावचा एक व्यापारी पेट्यांवर नुसती नजर टाकून, तोंड वाकडं करून निघाला. साडू त्याच्या गाडीमागे बांधापर्यंत धावले आणि ओरडत राहिले, "खाली पाहा ना भाऊ! खाली तं पाहा!" तो काही थांबला नाही. साडूंनी पुढच्या पेट्याही तशाच भरल्या.

या सगळ्या घरून न्यायच्या वस्तूंत सर्वांत मानाची म्हणजे इंजिन ऑइल. साडूंकडे एक जुनी पांढरी गाडी आहे. तिच्या सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली की घरात लग्न निघाल्यासारखी लगबग सुरू होते. साडू ठरलेल्या दुकानात जाऊन तेलाचा डबा आणतात. तो उन्हात धरून त्याचं झाकण, सील, तारीख, छपाई सगळं पाहतात, कानाशी नेऊन हलवतात. हलवल्यानं काय कळतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण ते मलाही हलवायला देतात आणि "आयकलं?" असं विचारतात, आणि मी दर वेळी "हो" म्हणून बसलेलो आहे. तेल ओतून झालं की रिकाम्या डब्याला ते स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडतात, म्हणजे कुणी त्यात भेसळीचं तेल भरून विकू नये. भोक पडलेला डबा घरी येतो आणि आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यात सांबार लावते. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. साडूंच्या गच्चीवर एवढे डबे आहेत की गाडीचं वय तिथल्या पिकावरून काढता येईल. भोक पाडण्याआधी तळाचं उरलेलं तेल बाटलीत काढून घेतलेलं असतं, ते गल्लीतल्या सगळ्या फाटकांच्या बिजागऱ्यांना जातं. त्यामुळे आमच्या गल्लीत एकही फाटक कुरकुरत नाही आणि पाहुणा थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

आधी ही गाडी अमरावतीतच एका मोठ्या, चकचकीत सर्व्हिस सेंटरला जायची. तिथे एकदा नियम बदलले. काउंटरवरची मुलगी फार अदबीनं म्हणाली, "सर, बाहेरचं ऑइल आता चालत नाही."

"काहून?"

"पॉलिसी आहे सर."

"बाई, दवाखान्यात पेशंटचा डबा घरून येते. डॉक्टर रागावते का?"

"सर, ही गाडी आहे."

"आजारी तं तेबी पडते ना."

मुलीला हसू आवरेना. तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी साडूंना एका मोठ्या काचेपाशी नेलं आणि सांगितलं, "इथं बसून आरामात पाहा, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होईल." साडूंनी काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, "काचेतून तं मिठाईबी चांगलीच दिसते साहेब." मग त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, त्या मुलीच्या हातात दोन संत्री ठेवली आणि गाडी जशीच्या तशी परत आणली.

त्यांची मुलगी अकोल्याला दिलेली आहे. तिच्या घराजवळ युसूफभाईंचं गॅरेज होतं. जावयानं नाव सुचवलं आणि साडू संत्र्याची एक पेटी मुलीसाठी आणि तेलाचा डबा गाडीसाठी, असे दोन्ही डिक्कीत टाकून अकोल्याला गेले. पेटी मुलीकडे उतरवून ते गॅरेजवर पोचले. युसूफभाई कामाला वाघ आणि जिभेला थोडे तिखट. दोघांच्या गप्पा अशा रंगल्या की बोलता बोलता युसूफभाईंनी गाडीतलं जुनं तेल खाली सोडूनही दिलं. ते सगळं निथळल्यावर साडूंनी डिक्की उघडून डबा काढला.

युसूफभाईंनी डब्याकडे पाहिलं. मग साडूंकडे पाहिलं. "काका, तो डब्बा वापस ठेवा. माह्या गॅरेजात माहं तेल पडते."

"मेहनत तुमची, तेल माहं."

"मंजे भरोसा नाही?"

"भरोशाचा सवाल नाही भाई."

"सवाल भरोशाचाच हाय. माहा बाप याच जागेवर काम करे. आजपावतो कोनी घरून तेल घेऊन नाही आलं."

एवढं बोलून त्यांनी हात पुसले आणि ते दुसऱ्या गाडीकडे गेले. आता पेच असा, की गाडी उभी आणि पोटात थेंबभर तेल नाही. साडू दुसऱ्याचं तेल घालू देणार नाहीत आणि युसूफभाई साडूंचं तेल ओतणार नाहीत. दुपार टळली, चार वाजले, उन्हं उतरली. साडू एका लाकडी बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेले, युसूफभाई पाठमोरे. मधून चहा आला तो दोघांनीही घेतला, पण एकमेकांकडे न बघता. शेवटी गॅरेज बंद व्हायची वेळ आली तसे साडू उठले आणि डबा काखेत मारून पायीच मुलीच्या घरी गेले.

तिथून त्यांनी मला फोन केला. आवाज उतरलेला. "साडभाऊ, चूक कोनाची?"

मी म्हटलं, "भाऊ, खरं सांगू? त्याच्या जागी मी असतो तर मलाही लागलं असतं."

ते म्हणाले, "मलेबी तसंच वाटून रायलं," आणि फोन ठेवला. पुढचं मला त्यांच्या मुलीकडून कळलं. बाबा जेवले नाहीत. आणि सकाळी उठून पाहते तर मुलीसाठी आणलेली संत्र्याची पेटी जागेवर नाही.

पेटी युसूफभाईंच्या बाकावर होती. साडू म्हणाले, "भाई, खालून पाहा." युसूफभाई आधी ऐकेचनात. मग त्यांनी वरची फळं बाजूला करत हात तळाशी घातला, तर आत चेंडूएवढी संत्री. ते पाहतच राहिले. तेव्हा साडूंनी त्यांना जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, ताईलासुद्धा नाही; मला ते पुढे युसूफभाईंनीच सांगितलं. साडू तरणे होते तेव्हा बागेतल्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, सगळा कारभार पहिल्यांदाच साडूंच्या हातात. ऐन मे महिन्यात त्यांनी बाजारातून तेल आणलं, दुकानदाराच्या शब्दावर ओतलं आणि ते भेसळीचं निघालं. इंजिन जाम झालं. दुरुस्त होऊन येईस्तोवर पाण्यावाचून विहिरीकडची झाडं वाळली. वडिलांनी घागरीनं पाणी घालून वाढवलेली झाडं होती ती. वडील खाटेवरून रोज विचारायचे, "पानी देल्लं ना रे?" आणि साडू रोज सांगायचे, "देल्लं बाबा."

"त्यायले झाडं दिसलीच नाही परत," साडू युसूफभाईंना म्हणाले. "तवापासून हे असं हाय. तुमच्यावर आळ नाही भाई. माह्याच मनातली भीती हाय हे. डबा हातात असला का जीव थाऱ्यावर रायते."

युसूफभाईंनी एक संत्रं सोललं, अर्धं साडूंना दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मग म्हणाले, "तेल तुमचं, तं हातबी तुमचाच लागू द्या. तुमी वता, मी नरसाळं धरतो."

असा तो तह झाला. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदाच गाडीत स्वतःच्या हातानं तेल ओतलं. धार इतकी चुकली की बरंचसं इंजिनावरच सांडलं, आणि परतीच्या वाटेवर गाडीतून असा धूर निघत होता की मूर्तिजापूरजवळ लोकांनी हात करकरून त्यांना थांबवलं. साडू प्रत्येकाला काच खाली करून अभिमानानं सांगत आले, "काही नाही झालं, मीच वतलं!"

तेव्हापासून अकोल्याची वारी सुरू झाली. अमरावतीत शंभर गॅरेजं असताना हा माणूस तेल बदलायला अकोल्याला जातो म्हणून गल्लीत चेष्टा व्हायची, पण मी एकदा सोबत गेलो आणि चेष्टा करायचं सोडून दिलं. साडू डोळे बारीक करून धार धरायचे, युसूफभाई नरसाळं सांभाळायचे आणि त्या वेळात दोघांपैकी कुणी एक शब्द बोलायचं नाही. तेल संपलं की मग दोघांच्या तोंडाला जी मोकळीक मिळायची ती संध्याकाळपर्यंत. युसूफभाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा साडू चार दिवस मुलीकडे राहून रोज दवाखान्यात जायचे, अर्थातच घरून चहापत्ती घेऊन.

गेल्या वर्षी साडूंच्या डोळ्यांची तक्रार वाढली आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. सर्व्हिसिंगची तारीख आली तेव्हा म्हणाले, "साडभाऊ, तुमी चालता का?" मी सकाळी गाडी काढली. साडू बाहेर आले ते रिकाम्या हातानं. फाटकापाशी ताईनं विचारलं, "अवो, डबा?" तर म्हणाले, "राहू दे." ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी साडूंसाठी गाडीचं दार उघडलं.

गॅरेजमध्ये युसूफभाईंनी सवयीनं डिक्की उघडली आणि आत काहीच नाही हे पाहून त्यांचा चेहरा पडला. "काका, नाराज झाले काय माह्यावर?"

"नाही भाई. तुमच्याकडचंच टाका."

युसूफभाईंनी कपाटातून नवा डबा आणला, पुसला आणि साडूंच्या पुढे धरला. "सील तरी तुमी पाहा."

"तुमी पाह्यलं ना? झालं मंग," साडू म्हणाले आणि चहाचा ग्लास घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. मागे तेल पडल्याचा आवाज येत होता. त्यांनी मान वळवली नाही. माझंच लक्ष लागेना, मीच दोनदा उठून पाहून आलो.

परत निघालो. बोरगाव मंजू मागे पडल्यावर मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, आज तेल पाहिलंच नाही तुम्ही?"

"वतनारा पाह्यला ना," ते म्हणाले.

मग त्यांनी सीट थोडी मागे घेतली. दुसऱ्याच्या हातात गाडी असली की हा माणूस सबंध रस्ताभर स्वतःच्या पायानं खोटा ब्रेक दाबत बसायचा. मूर्तिजापूर यायच्या आत त्यांना झोप लागली. चष्मा नाकावरून घसरलेला, तोंड थोडंसं उघडं, एक हात माझ्या सीटच्या कडेला टेकलेला. दोन्ही बाजूंना काळं रान पसरलेलं होतं, मागचे ट्रक दिवे मारून पुढे जात होते. मी जाऊ दिले. बडनेरा येईपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.