मामांचा डबा, माझा कोळसा

लॅबमध्ये बीकरांपेक्षा किस्से जास्त साठतात. बीकर निदान फुटतात तरी! बीडजवळच्या आमच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. काम काय, तर कापसाची पऱ्हाटी जाळून सच्छिद्र कोळसा करायचा आणि त्याच्या बारीक छिद्रांत पाण्यातला रंग अडकवायचा. शेजारच्या टेबलावर आमचे सर कमी विजेत ऊर्ध्वपातन जमवत होते. आम्हा दोघांना सांभाळायला लॅब अटेंडंट बाबूमामा. तीस वर्षांची तंबाखू, दात काताच्या रंगाचे, म्हणून हसायचे ते ओठ मिटूनच.

*

दिंद्रुडहून माझं पऱ्हाटीचं पोतं आलं. मामा म्हणाले, "हे कावून, ताई?"

"कोळसा करायचाय."

मामांनी पोतं आत ओढलं. संध्याकाळी हळूच जवळ आले. "ताई, घरचा गॅस संपला असंल तर सांगायचं की! लाजता कावून?"

*

सरांच्या ऊर्ध्वपातनाच्या उभ्या नळीचं तापमान रोज बरोबर एक वाजता घसरायचं. सरांनी थर्मामीटर बदललं, गणितं बदलली, घरी जाऊन बायकोशी भांडले! शेवटी एक दिवस आम्ही दबा धरून बसलो. एक वाजला. मामा आले, नळीच्या टोकावर जेवणाचा डबा टेकवला आणि स्टूल ओढून बसले.

"मामा!!"

"सर, तुमीच म्हनलात ना, वाफंची ऊब वाया जाऊ द्यायची न्हाई? या जेवाया, भाजी गरम हाय!"

सर आधी ओरडले, मग जेवले. भाजी खरंच लई भारी होती.

*

मला कडा गावचं स्थळ आलं. मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी करते काय?" माझ्या काकांना 'रसायनशास्त्र' काही आठवेना. छाती फुगवून म्हणाले, "सरांच्या हाताखाली गाळायचं काम करती. लाईट बी कमी लागती!"

पोहे तसेच राहिले.

*

मामांचा जीव मात्र माझ्या कोळशावर. "ताई, ही राखुंडी लई बारीक हाय हो."

"मामा, राखुंडी नव्हे, सॅम्पल! तीन वर्षं गेलीत त्यात."

"बरं," म्हणाले.

*

व्हायवाचा दिवस. एक्स्टर्नल सर चेहऱ्यानंच नापास करणारे! म्हणाले, "आकडे वाचले. आता हा कोळसा डाग ओढतो कसा, ते डोळ्यांसमोर दाखवा."

मी बरणी उघडली. रिकामी! तीन वर्षं पाण्यात! आमच्या सरांनी डोळेच मिटून घेतले.

एक्स्टर्नलनी पेनाला टोपण लावलं. "पुरावाच नाही, तर सही कशी करू?"

तेवढ्यात मामा चहा घेऊन आत आले. रिकामी बरणी बघितली, माझं रडकं तोंड बघितलं आणि ओशाळून हसले. या वेळी ओठ उघडून. पांढरेशुभ्र दात!

सर किंचाळले, "मामा! तंबाखू सोडली?"

"न्हाई बा. तंबाखू तीच हाय सर. राखुंडी तेवढी बदलली."

एक्स्टर्नलनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"मामा, जरा परत हसा बरं!"