पिंजरा कुणाच्या दारात

वनखात्याचा गार्ड पिंजरा घेऊन आला, तेव्हा मी चहाचे कप घेऊन ओट्यावर उभी होते. पिकअपमधून पिंजरा उतरवायला सहा माणसं लागली. गार्डनं घाम पुसत विचारलं, "बिबट्याचे माग कुठं दिसले?"

"हे काय, गोठ्याच्या मागं," नवरा म्हणाला.

ते खरं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

गोठ्यामागून आमचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं, पण त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते. ताजे माग होते नदीच्या अंगाला, ऊसतोड्यांच्या कोप्यांपाशी. मराठवाड्यातून आलेली टोळी तिथं आमच्याच रानात उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोप्या घालून राहत होती. त्यातली एक बाई आमच्या टाकीवर पाण्याला यायची. माझ्याच वयाची. तिला तीन वर्षांची मुलगी, मला चार वर्षांचा मुलगा, त्यामुळं हंडा भरेपर्यंत आम्ही बोलत बसायचो. आदल्या दिवशी सकाळी तिनं मला हाताला धरून कोपीपाशी नेलं आणि ओल्या मातीत उठलेले पंजे दाखवले. दारापासून दहा पावलंही नव्हती.

"ताई, आबांच्या कानावर घाला," ती म्हणाली. "आमचं कोण ऐकतंय? मुकादम म्हनतो, ऊस तोडा, वाघ काय करत न्हाई."

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. मी हो म्हटलं होतं.

आणि आता गार्ड समोर उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं, एवढंच. मी कप पुढं केले. आबांसमोर, म्हणजे माझ्या सासऱ्यांसमोर, परक्या माणसादेखत नवऱ्याला खोटं पाडायचं धाडस माझ्यात नव्हतं. माझे वडील केडगावात शिवणकाम करायचे. मांडवगण फराट्याजवळच्या ह्या बंगल्यात मी सून म्हणून आले, तेव्हा नात्यातल्या सगळ्यांनी माझ्या नशिबाचं कौतुक केलं होतं. त्या नशिबाला आपल्या हातानं धक्का लावायला मी भीत होते. पण हे अर्धंच झालं. माझा मुलगा गोठ्यापुढच्याच अंगणात खेळायचा. पिंजरा आमच्या दारात असावा, असं मलाही वाटत होतं.

पिंजऱ्यात सावज म्हणून शेळी बांधली. ती सारखी ओरडायची. दिवस कलला की आम्ही दारं लावून घ्यायचो. बाहेर मोठे दिवे, चारही कोपऱ्यांना कॅमेरे. आबा सोफ्यावर बसून मोबाईलवर अंगण बघत राहायचे. मी ताट घेऊन खिडकीशी बसायचे. नदीकडच्या अंधारात कोप्यांचे एक-दोन बारीक दिवे दिसायचे.

ती बाई पाण्याला येत राहिली. पहिल्या दिवशी तिनं पिंजऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हंडा नळाखाली लावला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आलीच नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग मुलाला सासूबाईंकडं दिलं, डेअरीत दूध घालून येते म्हणाले आणि स्कूटी काढून सरळ नदीकडं गेले. सूर्य नुकताच बुडाला होता. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून बैलगाडीची वाट. कोप्यांच्या अलीकडं मी थांबले. ती दारात चुलीपुढं भाकरी थापत होती. मुलगी बाजूला खेळत होती. तिचा पाय जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कोपीच्या बांबूला बांधलेला होता, खेळता खेळता उसात जाऊ नये म्हणून.

मी हाक मारणार तेवढ्यात उसाच्या कडेला पाचट वाजलं आणि तो बाहेर आला. सावकाश. मुलीपासून पंधरा-वीस फुटांवर तो थांबला आणि मान खाली घालून बघत राहिला. माझा अंगठा हॉर्नवर होता. तो दाबायचं मला सुचलं नाही. मी तशीच बसून राहिले.

त्या बाईनं मान वर केली. चुलीतलं जळतं लाकूड उपसून ती मुलीच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली, आणि असं ओरडली की पलीकडच्या कोप्यांतून माणसं कोयते घेऊन पळत आली. बिबट्या वळला. घाई न करता पुन्हा उसात शिरला.

तव्यावरची भाकरी करपत होती. बाईनं मुलीला कडेवर घेतलं, पण पाय बांधलेला होता म्हणून ती ओढली गेली आणि रडायला लागली. बाईनं चिंधीची गाठ दातानं सोडली. मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"आबांना सांगितलं होतं का तुमी?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलंच."

मी तिथूनच गार्डला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आबांनी सांगितलं म्हणून तिथं ठेवलाय. त्यांचा फोन येऊ द्या."

घरी आले तेव्हा आबा आणि नवरा दोघंही ओट्यावर होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "वाघ कोप्यांपाशी आहे. मी आत्ता डोळ्यांनी बघितला. पिंजरा तिकडं न्यायला पाहिजे."

"तू दुधाला गेली होतीस ना?" नवऱ्यानं विचारलं.

आबा म्हणाले, "पिंजरा हितंच राहील. तुजं पोरगं अंगणात खेळतं, कळतं का?"

"तिथंही पोरगी आहे, आबा. आणि आपल्या दाराला कडी आहे. त्यांना दारच नाही."

"ती मानसं महिन्याभरात जात्यात."

"मग मी उद्या वनखात्यात लेखी देते. काय बघितलं, कुठं बघितलं, आणि माग कुठं होते ते."

नवरा ताडकन उठला. आबांनी हातानंच त्याला बसवलं. आमच्या घरात त्यांच्याशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मग ते म्हणाले, "कागद-बिगद काय करू नको. विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर हाय. सकाळी न्या म्हनावं पिंजरा."

ती दया नव्हती, हे मला कळत होतं. मी मुलाला घेऊन आत गेले आणि कडी लावून घेतली.

सकाळी पिंजरा हलला. बिबट्या काही त्यात अडकला नाही. तीन आठवड्यांनी ऊस संपला आणि टोळी वडगाव रासाईकडं निघाली. ट्रॉलीत भांडी, पाचट, शेळ्या चढत होत्या. मी मुलाचे दोन स्वेटर घेऊन गेले. तिनं ते घेतले, मुलीच्या अंगाला लावून बघितले.

"पिंजरा आला, बरं झालं," ती म्हणाली. "पर चार दिस, ताई. त्या चार दिसांत मी झोपले न्हाई."

मुकादमानं हाक मारली आणि ती ट्रॉलीवर चढली.

यंदा दुसरी टोळी आलीय. कोप्या बंगल्याच्या उजेडात, विहिरीजवळ घालू द्या, असा हट्ट मी धरला. सासूबाई म्हणतात धुराचा वास येतो, नवरा म्हणतो उद्या डोक्यावर बसतील. सहा कोप्यांपैकी दोन विहिरीजवळ आल्यात. उरलेल्या चार नदीकाठीच आहेत, आणि त्यांच्यावरून आमच्या घरात अजून रोज भांडण होतं.