उसात हसलेला जावई

भीती वाटली की मला हसू येतं.

हा विनोद नाही, व्याधी आहे. आधी ओठ थरथरतात, मग पोटातून काहीतरी वर येतं आणि मी खदाखदा हसत सुटतो. दाढ काढायला गेलो की डॉक्टर हातातला चिमटा खाली ठेवतात आणि माझं आटोपायची वाट बघत बसतात. सांगलीत पुराचं पाणी माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीला लागलं, तेव्हा मी शटरला टेकून इतका हसलो, की शेजारच्या हळदवाल्याला वाटलं, याचा विमा मोठा असणार. (विमा नव्हताच. म्हणून तर एवढं हसू आलं!)

माझं लग्नही या व्याधीनंच जमवलं. कराडजवळच्या एका गावात मुलगी बघायला गेलो होतो. समोर सुजाताचे वडील, म्हणजे आबा. सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त झालेले. पाठ ताठ, मिशा ताठ, आणि चेहऱ्यावर राग, लोभ, आनंद यांपैकी काहीही नाही. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, मिल्ट्रीत का न्हाई गेला? मी हसलो. बराच वेळ हसलो. सासूबाई आत जाऊन म्हणाल्या, पोरगं हसतमुख हाय, आपली पोर सुखात राहील.

आबांना मात्र जावई फौजीच हवा होता आणि मिळाला चष्मेवाला. हे ते कधी बोलून दाखवत नसत, कारण ते काहीच बोलून दाखवत नसत. लग्नानंतर आमचं बोलणं ‘जेवला का’ आणि ‘कवा निघणार’ यापुढे कधी सरकलं नाही. एकदा तेवढा त्यांनी माझ्याकडून चष्मा करून घेतला, चांगल्या जाड भिंगांचा. तो डोळ्यांवर नसेल तर आबांना दहा पावलांवरची म्हैस आणि विजेचा खांब यांत फरक कळत नाही. नंबर मीच काढला होता, त्यामुळे मला खात्रीनं माहीत आहे.

यंदा अधिक महिना आला आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. निघतानाच सुजातानं मला बजावलं, की काहीही होवो, आबांसमोर हसायचं नाही. त्यांना वाटेल तुम्ही त्यांची टर उडवताय. मी शब्द दिला. सासुरवाडीला ओवाळणं झालं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून झाले, आणि मी एकदाही हसलो नाही. आता फक्त पाठ टेकायची आणि संध्याकाळी सुखरूप परत निघायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मेहुणा विक्रम म्हणाला, “दाजी, पिक्चर लावू का? लय भारी हाय, भुताचा.”

मी म्हणालो, मला दुपारी जेवल्यावर झोप येते. आबा म्हणाले, “लाव.” त्यांच्या घरात हा एक शब्द पुरतो. विक्रमनं भरदुपारी खिडक्यांवर चादरी टाकून अंधार केला आणि जावयाचा मान म्हणून मला टीव्हीच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर, खुर्ची दिली.

सासूबाई माझ्या पायाशी बसल्या होत्या. त्या पिक्चर बघत नाहीत, त्यात राहायलाच जातात. नावं संपायच्या आत त्यांचं ‘आगं बाई गं’ सुरू झालं. जाऊ नगंस तिकडं, दार लाव, मागं बघ की भवाने, अशा त्या नायिकेला सूचना देत होत्या आणि ती ऐकत नाही म्हणून माझी नडगी आवळत होत्या. मध्येच उठून त्या शांतपणे दूध तापवून आल्या आणि बसल्या बसल्या परत किंचाळल्या. विक्रमनं उशीत तोंड खुपसलं होतं आणि एक डोळा तेवढा बाहेर ठेवला होता. सुजाता ओढणी चावत टीव्हीकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होती.

आणि आबा? गुडघ्यांवर हात, मान सरळ, पापणीसुद्धा हलत नव्हती. अधूनमधून चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसायचे, बराच वेळ पुसायचे आणि परत लावायचे. माझा जीव कळवळला. असं पुसल्यानं भिंगांवर चरे पडतात! पुढच्या खेपेला यांना मऊ फडकं आणून द्यायचं, हे मी मनाशी पक्कं केलं. (एवढा मोठा पुरावा डोळ्यांसमोर होता आणि मला चरे दिसत होते.)

मग ती विहीर आली. नायिका वाकली, पाणी हललं आणि आतून एक पांढरा हात वर आला. सासूबाई किंचाळल्या, विक्रमचा उरलेला डोळाही उशीत गेला, आणि मी हसलो. आधी फुसकन्, मग मोठ्यानं, मग खुर्चीचे पाय वाजेपर्यंत. सुजातानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. या घरातला माझा होता नव्हता तो मान या हाताबरोबर विहिरीत गेला.

आबांनी सावकाश मान वळवली. चष्मा त्यांच्या हातातच होता.

“विक्रम,” ते म्हणाले, “शिक कायतरी. तू उशीत त्वांड घालतुयास आन् पाव्हणं हसत्यात.”

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं, पण तो हात चांगला जड होता आणि ते वजन मला फार आवडलं. 

त्यानंतर माझा भाव वाढतच गेला. आबांच्या फौजेतल्या मगात मला चहा मिळाला. बर्फातल्या ठाण्याची एक गोष्ट मिळाली, जी म्हणे विक्रमलाही कधी सांगितली नव्हती. ऊन कलल्यावर फोन आला, की शेतातली लाईट लवकर येणार आहे, मोटर चालू करायला हवी. पण जायचं कुणी? खालच्या रानात उसात बिबट्या शिरला होता. शेजाऱ्यांचं कुत्रं त्यानं नेलं होतं, त्यामुळे एकटं कुणी तिकडे जात नव्हतं. विक्रम चपला शोधू लागला.

“तू ऱ्हा घरात,” आबा म्हणाले. “आज पाव्हणं येत्याल माझ्यासंगं. आसा गडी बरूबर आसल्यावर कशाचं भ्याव?”

सुजातानं प्रयत्न केला. यांना मोटरीतलं काय कळतं, असं ती म्हणाली. आबांनी सांगितलं, मोटर ते लावतील, मी नुसतं सोबत यायचं. नाही म्हटलं तर खांद्यावरचा हात गेला. हो म्हटलं तर बहुतेक खांदाही जाणार होता. मी मान हलवली आणि मला अंगणातच हसू फुटलं. आबा सासूबाईंना म्हणाले, बघ, आत्तापासनंच खुशीत हाय.

बांधाची वाट अरुंद होती आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. बाहेर अजून उजेड होता, आत मात्र काळोख दाटलेला. आबा पुढे चालत होते. अर्ध्या वाटेत ते थांबले, बाजूला झाले आणि म्हणाले, तुमी व्हा म्होरं. जावयाचा मान इतका जपणारं घर मी दुसरं पाहिलं नाही!

मोटरीची पेटी दिसायला लागली आणि उजवीकडे पाला सळसळला. वारा असता तर सगळा ऊस हलला असता. इथं एकाच सरीतला पाला हलत होता, आणि ती हालचाल आमच्या दिशेनं येत होती. माझे पाय थांबले. सरीतून तो बाहेर आला. अंगावर ठिपके, पोट जमिनीलगत. आमच्या आणि पेटीच्या मधोमध तो आरामात खाली बसला, धोंड्याचं बोलावणं त्यालाच असल्यासारखा.

मी आबांकडे वळून बघितलं. ते ताठ उभे होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. आणि हातात चष्मा घेऊन ते तो सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विहिरीतला हात, दारामागची बाई, जिन्यावरची पावलं, प्रत्येक वेळी आबा चष्मा पुसत होते! अख्खा पिक्चर त्यांनी नुसता ऐकला होता. आणि आता समोरचा बिबट्या आणि खताचं पोतं त्यांना सारखंच दिसत होतं.

“काय हाय म्होरं?” त्यांनी विचारलं. आवाज एकदम सरळ होता. हातातला चष्मा तेवढा डोळ्यांवर जात नव्हता.

मी ‘बिबट्या’ म्हणायला तोंड उघडलं आणि हसू बाहेर पडलं. तसा मी जन्मात हसलो नव्हतो. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, गुडघ्यांवर हात. (बिबट्यासमोर वाकू नये, हे मला नंतर कळलं.) त्यानं कान टवकारले. मला सुजाता आठवली, दुकान आठवलं, काउंटरवर उघडी राहिलेली भिंगांची पेटी आठवली. मला मरायचं नव्हतं. हे कुणाला तरी ओरडून सांगावं असं फार वाटत होतं आणि मी हसत होतो.

एवढ्यात मागून ‘आगं आई गं, आगं बाई गं’ असा आवाज जवळ येऊ लागला. आम्ही बॅटरी विसरलो म्हणून सासूबाई ती घेऊन निघाल्या होत्या. त्यांना भयंकर भीती वाटत होती, म्हणून घरापासूनच त्या ओरडत येत होत्या. पण पाय काही थांबत नव्हते. आबांना ओलांडून, मला ओलांडून त्या पुढे गेल्या, त्यांनी बिबट्या बघितला आणि अशी किंकाळी फोडली, की तो जागच्या जागी उडाला आणि पलीकडच्या उसात दिसेनासा झाला.

सासूबाईंचं ओरडणं तिथल्या तिथे बंद झालं. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

“मोटर लावा की,” त्या आबांना म्हणाल्या. “लाईट जाईल.” आणि बॅटरी माझ्या हातात देऊन गोठ्याकडे वळल्या.

आबांनी चष्मा लावला. मोकळ्या वाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला अजून उचक्या लागल्या होत्या.

“पाव्हणं, खरं सांगा,” ते हळू आवाजात म्हणाले. “ते हसू न्हवं ना?”

“नाही, आबा.”

“आन् दुपारी, पिक्चरला?”

“तेव्हाही नाही.”

ते पेटीपर्यंत गेले, बटण दाबलं. मोटर घरघरली. त्या आवाजात माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते म्हणाले, “मला बी त्यो पिक्चर काय दिसला न्हाई.” आणि त्यांचा हात परत माझ्या खांद्यावर आला. या वेळी तो जरा कापत होता, आणि दुपारच्यापेक्षा मला तोच जास्त आवडला.

प्रकरण इथं मिटलं असतं. पण सासूबाईंनी घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं, की मी तर नुसती वरडत हुते, जावई बिबट्याम्होरं हसत हुता. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की सुभेदारांच्या जावयानं बिबट्या हसून पळवला. बिबट्या लांब राहावा म्हणून उसात सतत आवाज ठेवावा असं कुणीतरी सांगितलं होतं. विक्रमनं फोन करून माझं हसू मागवलं. आता ते रोज संध्याकाळी स्पीकरवर खालच्या रानात वाजतं. एकच हसू ऐकून बिबट्याला सवय व्हईल, म्हणून तो अधूनमधून ताजं मागवतो.

ताजं हसू काही मागणीबरहुकूम येत नाही. मग सुजाता घरात पडदे ओढते, भुताचा पिक्चर लावते आणि माझ्या हनुवटीखाली मोबाईल धरते. आबा खास गावाहून सांगलीला येतात, मला धीर द्यायला. शेजारी ताठ बसतात, एक हात माझ्या खांद्यावर. चष्मा मी दिलेल्या मऊ फडक्यात गुंडाळून खिशात.

सासूबाई येत नाहीत. संध्याकाळी त्यांना वैरण आणायला त्याच उसात जावं लागतं, आणि भीती वाटते म्हणून त्या रोज जाताना-येताना किंचाळत असतात. बिबट्या त्या बाजूला आता फिरकतसुद्धा नाही. गाव म्हणतं, जावयाच्या हसण्याची दहशत आहे!