अक्काच्या हातांचा मी सांगितलेला अर्थ

सत्तरच्या दशकात आमच्या पेठेत सकाळी माग सुरू झाले की तोंडानं बोलणं संपायचं. चादरींच्या कारखान्यात शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून सगळेच हातांनी बोलत. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, येतोय हे सांगायला मिशीला पीळ द्यायचा. त्या बिचाऱ्याला मिशीच नव्हती. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. हातांची बोली मात्र एकच.

माझी थोरली बहीण जन्मापासून बहिरी. ती तिथं मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिच्यासारखे आणखी तिघे होते. खुणा मूळच्या ऐकणाऱ्यांच्या, कामापुरत्या. या चौघांनी त्यांत काल, उद्या, रुसवा, थट्टा सगळं आणलं. दोन तर्जन्या जोडून झटक्यात अलग केल्या, की इतरांसाठी 'धागा तुटला'. अक्का तीच खूण डोळे मिटून करायची, तेव्हा अर्थ व्हायचा 'माणूस तुटलं'.

मी कॉलेजात असताना पुण्याहून एक बाई आल्या. बहिऱ्यांच्या भाषांचं वर्गीकरण करत होत्या. मी दुभाष्या झालो. ओसरीवर बसून त्या म्हणाल्या, "कामाच्या खुणा वेगळ्या, भाषा वेगळी. समोर नसलेलं सांगता आलं, तर ती भाषा. ताईंना म्हणावं, मनातलं काही सांगा."

अक्का खुलली. कितीतरी वेळ तिचे हात चालले. हा माझा भाऊ लहानपणी दिवसभर माझ्याशी हातांनी बोलायचा, आता मित्र आले की हात खिशात घालतो, असं ती सांगत होती. शेवटी डोळे मिटून तिनं तर्जन्या अलग केल्या.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"मागावर धागा सारखा तुटतो म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी वहीत लिहून मला वाचून दाखवलं: धंद्यातल्या खुणा, स्वतंत्र भाषा नव्हे. मी मान डोलावली. काय लिहिलं, असं अक्कानं विचारलं, तेव्हा 'छान' अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली एक बाई मला दारातच म्हणाली, "काय रं, तुज्या अक्काचं बोलणं पुण्याला गेलं म्हनं! आता आमच्याशी बोलंल का न्हाय?" मागं अक्का हसत उभी होती. ते हसू मी पुढं कितीतरी वर्षं टाळत आलो.

माग बंद पडले, चौघांतले दोघे गेले. आता त्या बोलीत अक्काशी बोलणारा जवळपास मीच उरलोय. गेल्या वर्षी ती तांदूळ निवडत असताना मी समोर बसलो आणि सगळं कबूल केलं. अर्ध्या खुणा मला आठवेनात, तिनंच पुरवल्या.

ती हसली. 'तेव्हाच कळलं होतं. माझे हात एवढा वेळ चालले, अन् तुझे ओठ एवढेसे हलले.'

'मग बोलली का नाहीस?'

तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, हात मोकळे केले. 'पाहुणी बसली होती. तिच्यासमोर तुझी लाज काढू?'