तात्या आणि बिनकुटाची भाजी

कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की तात्यांना राहवत नसे. काटेवाडीच्या फाट्यावर आम्ही लोणी देवकरच्या कंपनीची गाडी पकडायचो. मी पॅकिंगला, ते स्टोअरला. मी गाडीत पाय ठेवते न ठेवते तोच विचारायचे, "काय गं, घरी वाजलं व्हय?" नाही म्हटलं तरी सोडायचे नाहीत. "पोटात ठिवू नगंस. सांगून टाक आन् मोकळी हो." कंपनीचं गेट येईपर्यंत मी मोकळी झालेली असायचे आणि मागच्या सीटवरच्यांची फुकट करमणूक झालेली असायची. फार राग यायचा मला त्याचा. आता वाटतं, तसा राग यावा असं कुणीतरी गाडीत असावं.

मग एका उन्हाळ्यात तात्या गप्प झाले. खिडकीला डोकं टेकून बसायचे, डबा तसाच परत न्यायचे. अधूनमधून रजा टाकून बारामतीला जाऊ लागले. विचारलं की सांगायचे, "दाताचं काम हाय." मी चिडवलं, "तात्या, एवढ्या फेऱ्यांत नवी कवळी बसली असती." ते हसलेसुद्धा नाहीत.

त्यातच त्यांच्या अंगावर गांधी उठू लागल्या. लालभडक, मनगटापासून गळ्यापर्यंत. आमच्याकडे अंगावर काही उठलं की पहिला संशय जेवणावर. कुणी आमसुलाचं पाणी चोळायला सांगितलं, कुणी घोंगडीवर लोळायला. कंपनीचं कॅन्टीन शोभामावशी चालवायच्या. तात्यांचा डबा तसाच परत जातो म्हणून दुपारी स्वतः आग्रहाने त्यांना ताट वाढायच्या. मावशींनी काळजीपोटी आधी वांगं बंद केलं, मग मसूर, आणि शेवटी भाजीतला शेंगदाण्याचा कूट. आमच्या भागातल्या माणसाला एक वेळ पगार उशिरा झालेला चालेल, बिनकुटाची भाजी चालत नाही. सगळी कंपनी कुरकुरत तात्यांचं पथ्य पाळत होती आणि गांधी काही हटत नव्हत्या.

एके दिवशी जेवता जेवता तात्यांचा ओठ सुजला, श्वास लागला. सुपरवायझरने आणि मी त्यांना इंदापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "नवीन औषध काही चालू केलंय का?" तात्यांनी एकदा सुपरवायझरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "न्हाय."

मग उरलं जेवणच. मावशींचं तेल खराब असतं, असा कंपनीत बोभाटा झाला. साहेबांनी कॅन्टीन दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. मावशींचं घर त्या कॅन्टीनवर चालत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या तेलाचा डबा घेऊन टेबलाटेबलाशी फिरल्या. "वास घ्या बाबांनो. माझ्या नातवंडांस्नी ह्येच घालती मी." कुणी वास घेतला नाही. सगळे ताटात बघत राहिले.

तात्या उठून उभे राहिले. "मावशी, डबा ठिवा खाली. तुमच्या तेलानं झालं न्हाय ह्ये. मी दाताला जात न्हाय बारामतीला. मनाच्या डाक्टरकडं जातो. त्याची गोळी घ्याया लागल्यापास्नं गांधी उठत्यात. मला समजत हुतं, पर बोललो न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "पर तात्या, तुमाला काय कमी हाय?"

"काय बी न्हाय," तात्या म्हणाले. "पोरं मार्गी लागली, रानाला पाणी हाय. कारण असतं तर कवाच सांगितलं असतं. कारण सापडत न्हाय, म्हणून तर लाज वाटती."

मावशींनी डबा ठेवला, तात्यांचा हात धरला आणि मोठ्याने रडायला लागल्या. कॅन्टीन वाचलं होतं. माझ्या मनात मात्र एकच घोळत होतं, की रोज मला बोलतं करणाऱ्या या माणसाला बोलतं करायला कुणीच नव्हतं.

बारामतीच्या डॉक्टरांना फोन मीच लावून दिला. ते इतके चिडले की मलाही ऐकू आलं. अंगावर काही उठलं तर लगेच कळवा, असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. ती गोळी बंद झाली, गांधी गेल्या, पण मन पुन्हा खचलं. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, अगदी कमी मात्रेत. आता तात्या गोळीलाच घाबरू लागले. नुसती हातात धरून बसायचे. शेवटी डॉक्टरांना विचारून त्यांनी ती दुपारी कॅन्टीनमध्ये घ्यायचं ठरवलं. "घरची सगळी रानात असत्यात. हितं काय झालं तर बघायला एवढी माणसं हायेत."

गोळी गिळली की आम्ही त्यांना आळीपाळीने तपासायचो. "तात्या, बाह्या वर करा." "ओठ दाखवा." ते वैतागायचे. "आरं, मी काय प्रदर्शनातला बैल हाय व्हय?" पण बाह्या मुकाट्याने वर करायचे. ही गोळी त्यांना मानवली. दिवाळीच्या सुमारास गाडीत पुन्हा विचारपूस सुरू झाली. स्टोअरमध्ये त्यांना एकेकटे भेटायलाही लोक जाऊ लागले. कशासाठी, ते आम्ही विचारत नसू.

निवृत्त झाल्यावर फार दिवस लाभले नाहीत त्यांना. झोपेतच हृदय थांबलं.

यंदा माझं मन सगळ्यातून उडालं. कारण विचाराल तर मलाही सापडत नाही. बारामतीच्या त्याच डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. पहिली गोळी मी कॅन्टीनमध्ये घेतली, सगळ्यांदेखत. शेजारी जेवणाऱ्या बाईला मी म्हणाले, "मनाची गोळी हाय. अंगावर काय उठलं तर सांग गं." ती "बरं" म्हणाली आणि ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. पलीकडे मोबाइलवर मॅच चालली होती. कुणी मान वर करून पाहिलं नाही. हे एवढं साधं तात्यांनी करून ठेवलं होतं.

सुट्टी संपेपर्यंत मी दाराकडे बघत बसले. अंगावर काही उठलं नाही. ते मला त्यांनाच सांगायचं होतं.