मांजरीच्या तोंडाचा वास

मला संशय घ्यायला फारसं कारण लागत नाही. दूधवाला हसून बोलला की मी आधी दुधात बोट बुडवून बघते. नवरा म्हणायचा, तुला शाळेत नव्हे, पोलिसांत घ्यायला हवं होतं.

सत्तरच्या दशकात आम्ही राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. मी शिक्षिका, नवरा कचेरीत. घर शुद्ध शाकाहारी. मूल नव्हतं. गारगोटीच्या माहेराहून पिशवीत घालून आणलेली एक करडी मांजरी होती, आणि तिच्यावर माझा फार जीव होता.

तिच्या निगेला मी कुणाला नावं ठेवू दिली नसती. दर रविवारी उवांच्या फणीने तिचं अंग विंचरायचं, पिसू सापडली की नखावर चिरडायची. कान वरवर ओल्या फडक्याने पुसायचे, आत बोळा घालायचा नाही. पाण्याची वाटी रोज घासायची. तिच्या शौचाच्या खोक्यातली राख रोज बदलायची, नाहीतर मांजर घरातले कोपरे धरतं. आणि खायला सकाळ-संध्याकाळ ताजा दूधभात. तिच्या अंगावर जे तेज आलं होतं ते माझ्या दूधभाताचं, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत असे.

एका संध्याकाळी तिने जांभई दिली आणि मला वास आला. सुकटीचा. मग मी रोज शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी तिचं तोंड हुंगू लागले. कधी सुकट, कधी मटण. दूधभात वाटीत अर्धा तसाच. घरात चोर शिरल्यासारखं मला वाटायला लागलं.

एका सुट्टीच्या दिवशी मी पडद्याआड उभी राहिले. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत होती. शेजारीण शिरोळकडची, शेतकऱ्याघरची. नवरा इथे कारखान्यात म्हणून शहरात आलेली. दुपारी तिने भिंतीवर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली ठेवली, तोंडाने चुचकारलं, आणि माझी मांजर माझ्या खिडकीतून उडी मारून गेली. शेपूट ताठ उभं करून. माझ्याकडे ती कधी अशी धावत आली नव्हती.

मी तशीच बाहेर गेले आणि शेजारणीला जाब विचारला. ती घाबरली नाही, ओशाळलीही नाही.

"उपाशी दिसत हुती," ती म्हणाली, "म्हणून घातलं."

माझ्या घरातली मांजर उपाशी! माझा तोल गेला. चार घरच्या बायका दारात आलेल्या दिसत होत्या, तरी मी थांबले नाही. "काय कालवून घालता कुणास ठाऊक. उद्या विष घातलंत तरी आम्हाला कळायचं नाही," असं मी मोठ्याने म्हणाले. तिने ताटली उचलली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी मी खिडकीला जाळी ठोकून घेतली. दिवाळी नुकतीच झाली होती.

शिमग्याच्या सुमारास मांजर ओट्यावर उडी मारताना चुकू लागली. चालताना पाटाला अडखळायची. भर उन्हातसुद्धा तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या काळ्याभोर राहायच्या. केस हातात यायचे. मला खात्रीच पटली, त्या बाईने काहीतरी घातलं आणि ते आता अंगात भिनतंय. गुरांच्या दवाखान्यात मी गेले ती उपचारासाठी कमी आणि पुराव्यासाठी जास्त.

डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड पाडून तिचे डोळे बघितले. विषाचं माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, मग ती काय खाते ते विचारलं. मी अभिमानाने सांगितलं.

"बाई, दूधभातावर माणूस जगेल," ते म्हणाले. "मांजराला मांस लागतं. ते नाही मिळालं तर डोळे जातात. आत्तापर्यंत बरी कशी राहिली ही?"

मला भिंतीवरची ताटली आठवली, आणि मी ठोकून घेतलेली जाळी. त्यांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवायची तर आजपासून मासळी, मटण, काहीही घाला. परतताना रिक्षात मांजर मांडीवर होती आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शरम वाटत होती, दुसरा शब्द नाही.

त्या रविवारी दुपारी मांजर काखेत घेऊन मी शेजारणीच्या दारात उभी राहिले. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही म्हणाले. पण ते फार हळू. तिने मांजरीच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. मग आत जाऊन तीच ताटली आणली, शिजवलेल्या काळजाचे बारीक तुकडे घालून, आणि खाली बसून ती माझ्यापुढे सरकवली.

"तुमीच घाला आता. माझ्या हातनं घातलं की तुमास्नी इख वाटतंय."

जन्मात कधी मटणाला बोट लावलं नव्हतं. मी एक तुकडा उचलला, मग दुसरा. मांजरीने माझ्या बोटांतून एकेक करत सगळं खाल्लं, ताटली चाटली. मग जमीन हुंगत हुंगत, माझ्या पायांना वळसा घालून, ती त्या बाईच्या मांडीवर जाऊन बसली. मी तिला उचलून आणलं नाही.