दुसरी गाय कुठं गेली?

बेलापुरात माझ्या शेजारी राहणारा प्रोग्रामर घरूनच नोकरी करतो. इतरांना पानभर लागणारा प्रोग्राम त्याच्या कॉम्प्युटरच्या भाषेत चार खुणांत बसतो. बोलणंही तसंच. वाक्य अर्ध्यावर सोडून तो भुवया उडवतो.

मी जनावरांचा डॉक्टर. लम्पीची साथ आली तेव्हा फोनवर आलेल्या नोंदींवरून गावोगावच्या आजारी गायी मोजायला मी हौसेनं त्याच्याच त्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. त्यावरूनच औषधं पाठवायची होती. प्रत्येक गावापुढं एकच गाय आली. साथ फार पसरलेली नाही, या आनंदात मी त्याला ते दाखवलं.

"डॉक्टर, दुसरी गाय कुठं गेली?"

"कुठली दुसरी?"

"तुमी म्हणलात, गावाच्या आकड्यात एक मिळव. ह्यो कॉम्प्युटर सगळ्या नोंदींसाठी जुनं शून्य एकदमच वाचतो, एक मिळवतो आन् त्याच जागी पुन्हापुन्हा एकच लिहितो. मग गाव कितीदा का येईना..." भुवया उडाल्या.

त्यानं ती ओळ बदलली आणि प्रत्येक नोंद आधीच्या बेरजेत पडू लागली. सगळ्यात मोठा आकडा जवळच्याच एका वस्तीचा निघाला. मी औषधांची पेटी उचलली, तर एरवी घराबाहेर न पडणारा तो माझ्याआधी गाडीत बसला होता.

गोठ्यात त्यानं पहिल्या गायीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि मालकिणीला विचारलं, "हिचं नाव काय वो, मावशी?"

"चंद्री."

मग तो पुढच्या गायीपाशी गेला. सगळ्यांची नावं कळेपर्यंत त्यानं मला सुई टोचू दिली नाही, आणि मलाही घाई वाटली नाही.